लोणारच्या काठावरचे दगड

(खामगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथे बसलेल्यांपैकी लोणारला न गेलेलं कोणी असेल असं मला वाटत नाही. शाळेची सहल लोणारला जाते, कमळजा देवीचा नवस फेडायला लोक जातात, बाहेरगावचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी शेगाव आणि दुसऱ्या दिवशी लोणार हा तर ठरलेला कार्यक्रम. आपण घाटाखालचे लोक. घाट चढायचा, चिखली-मेहकर करत शंभर-सव्वाशे किलोमीटर जायचं, काठावर उभं राहायचं, खाली हिरवट पाणी बघायचं, फोटो काढायचे आणि परत फिरायचं. त्या काठावर उभे असताना आपण ज्या दगडांवर उभे असतो, त्यांच्याकडे मात्र कोणाची नजर जात नाही. आज मला त्या दगडांबद्दल बोलायचंय. लोणारचं कोडं सोडवण्यात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे, आणि आज सगळ्यात कमी राखण त्यांचीच होते आहे.

आधी मोजमाप सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर चित्र राहील. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठापासून तळापर्यंत खोली साधारण दीडशे मीटर. आतल्या सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. आणि एक गोष्ट, जी गाडीतून जाताना कळत नाही पण पायी गेलं की पिंडऱ्यांना कळते. सभोवतालच्या जमिनीपेक्षा हा काठ वीस-तीस मीटर उंच आहे. म्हणजे खड्ड्यात उतरण्याआधी तुम्हाला चढावं लागतं. विहीर खणली की माती कडेला टाकतो, तिचा बांध होतो, तसा हा बांध आहे. पण विहीर खणणारा कोण, हा प्रश्न माणसाने फार जुन्या काळापासून विचारला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास म्हणजेच आजचं व्याख्यान.

पहिलं उत्तर तुम्हाला आजीने सांगितलेलं असतं. लवणासुर, म्हणजे आपला लोणासुर, जमिनीखाली गुहेत राहून लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्याने गुहेवरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. असुराचं रक्त म्हणजे हे पाणी आणि त्याचं मांस म्हणजे हे क्षार. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर याच कथेचं आहे. लवणावरून लोण आणि लोणावरून लोणार.

आता हल्ली एक गंमत होते. कोणीतरी उठतो आणि म्हणतो, बघा, आपल्या पूर्वजांना उल्कापात माहीत होता, त्यांनी तो कथेत लपवून ठेवला. मला ही घाई पटत नाही. कथेत आकाशातून काहीच पडत नाही. कथेत जे आहे ते जमिनीखाली आहे, आणि झाकण खालून वर उडतं. पण म्हणून कथा फुकट नाही. ती सांगणाऱ्यांनी दोन गोष्टी नीट पाहिल्या होत्या. एक, इथलं काहीतरी जोराने बाहेर फेकलं गेलंय. दोन, इथलं पाणी बाकीच्या पाण्यासारखं नाही. निरीक्षण पक्कं होतं. स्पष्टीकरण त्यांच्या काळाचं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांबद्दलही मला हेच म्हणावं लागणार आहे.

दुसरा माणूस अबुल फजल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने आईन-इ-अकबरी लिहिलं. त्यात वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणार येतं. तो सांगतो की ब्राह्मण या जागेला बिशन-गया म्हणतात. उंच डोंगरांनी वेढलेलं, कोसभर लांबीरुंदीचं खारं तळं आहे. इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, सोराही मिळतो, आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो. वरच्या झऱ्याचाही उल्लेख आहे. सोमवती अमावास्येला त्याचं पाणी खालच्या तळ्यात जातं असं त्याने नोंदवलंय. आज आपण जिथे धारेखाली डोकं धरतो, ती धारच त्याच्या डोळ्यांसमोर असावी.

बघा, अबुल फजलला हा खड्डा कसा झाला याच्याशी देणंघेणं नाही. त्याला विचारायचंय की इथून काय निघतं आणि किती रुपये येतात. तेही खोटं नव्हतं. पापडी, दल्ला, भुसकी अशी तिथल्या क्षारांना वेगवेगळी नावं आहेत. ज्या वस्तूचा व्यापार असतो तिलाच माणसं एवढी नावं देतात.

आणि हे पाणी खारं का, तेही इथेच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न नेहमी येतो. अशनीने मीठ आणलेलं नाही. पाणी आत येतं झऱ्यांमधून आणि पावसातून, आणि ते गोडं असतं. पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेतं, पाण्यात विरघळलेले क्षार मागे ठेवतं. काळ्या पाषाणातून झिरपून आलेला सोडियम हजारो वर्षं साचत गेला. पुढे सोड्याचं पाणी झालं. आपण खारपाणपट्ट्याच्या शेजारचे लोक आहोत. जमीन आणि पाणी मिळून खारटपणा कसा तयार करतात हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आता येऊ १८२३ सालाकडे. तेव्हा वऱ्हाड निजामाकडे होतं. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या वर्षी लोणार पाहिलं आणि त्याची नोंद केली. पुस्तकांत लिहितात की त्याने लोणारचा 'शोध लावला'. ज्या गावात शेकडो वर्षांची मंदिरं उभी आहेत आणि ज्याचा महसूल अकबराच्या दफ्तरात आहे, त्याचा शोध कसला लागायचा? पण एक मान्य करायला हवं. अलेक्झांडरनंतर लोणारला नव्या प्रकारचे लोक येऊ लागले. हातात हातोडी असलेले.

हे लोक आले आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं. काय दिसलं? सगळा काळा पाषाण. घाटावर जा, अजिंठ्याला जा, सह्याद्रीत जा, तोच दगड. हा सगळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहिलेला लाव्हा. थरावर थर. लोणारच्या भिंतीत असे पाच-सहा थर एकावर एक रचलेले दिसतात, रजया रचाव्यात तसे. मग ज्वालामुखीच्या दगडात एक गोल खड्डा आहे, तर तो कशाने झाला असेल? शाळेतलं पोरही सांगेल, ज्वालामुखीने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला विल्यम ब्लॅनफर्ड साधासुधा माणूस नव्हता, त्या काळातला पहिल्या रांगेतला भूवैज्ञानिक. १८६० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे आपल्या खामगावला रेल्वे येत होती त्या सुमारास, त्यानेही ज्वालामुखी स्फोट हेच कारण धरलं. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती या दोघांनी लोणारवर सविस्तर काम प्रसिद्ध केलं, पाण्याचं रासायनिक पृथक्करण केलं. कारण मात्र जमिनीखालीच शोधलं.

आता मी मघाशी सांगितलेलं वाक्य आठवा. निरीक्षण पक्कं, स्पष्टीकरण काळाचं. असुर मानणारा गावकरी आणि ज्वालामुखी मानणारा साहेब, दोघांचं एका बाबतीत एकमत होतं. जोर खालून आला. वर कोणीच बघितलं नाही.

का नाही बघितलं? कारण आकाशातून दगड पडतात हेच विद्वानांना नुकतं पटलं होतं. जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नीने १७९४ साली तसं लिहिलं तेव्हा लोक त्याला हसले. १८०३ साली फ्रान्समध्ये लेगल या गावी हजारो दगड एकाच दुपारी पडले, आणि बियो नावाच्या शास्त्रज्ञाने तिथे जाऊन, गावोगाव विचारून, अहवाल दिला. तेव्हा कुठे ते मान्य झालं. अलेक्झांडर लोणारला आला त्याच्या अवघ्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. बरं, दगड पडतात हे मान्य झालं, पण दगडाने दोन किलोमीटरचा खड्डा पडतो हे मान्य व्हायला आणखी दीडशे वर्षं गेली.

इथे आपल्याला लोणारहून थेट अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या वाळवंटात जावं लागेल, कारण लोणारचं नशीब तिथे अडकलं होतं. तिथे असाच एक गोल खड्डा आहे, लोणारपेक्षा थोडा लहान, १.२ किलोमीटरचा. भोवती लोखंडाच्या अशनींचे तुकडे सापडत होते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेचा नामांकित भूवैज्ञानिक १८९१ साली तिथे गेला. त्याने सोपी परीक्षा ठरवली. वरून मोठा लोखंडी गोळा येऊन पुरला गेला असेल, तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे, आणि काठावर साचलेला माल खड्ड्यात परत भरला तर तो उरला पाहिजे, कारण आतली जागा गोळ्याने व्यापलेली असणार. सुई हलली नाही. माल उरला नाही. गिल्बर्टने निष्कर्ष काढला, जमिनीखालच्या वाफेचा स्फोट. १८९६ साली त्याने हे मांडलं, आणि त्या खड्ड्याचं आपल्या लोणारशी असलेलं साम्यही नोंदवलं.

म्हणजे काय झालं बघा. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या शेजारी उभे केले, ओळखही पटली, आणि दोघांच्या बापाचं नाव मात्र चुकीचं लिहिलं.

गिल्बर्टची पद्धत उत्तम होती. एक गोष्ट त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येणारा दगड पुरला जात नाही. तो आदळला की त्याचा वेगच बॉम्ब होतो. दगड स्वतः बहुतांश वितळून, वाफ होऊन जातो. आत काही शोधून सापडणार नाही. बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने त्याच खड्ड्यात गाडलेलं लोखंड मिळेल म्हणून पंचवीसेक वर्षं भोकं पाडली, पैसा घातला, आणि हाती काही लागलं नाही. १९६० साली युजीन शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज दाखवलं, जे फक्त प्रचंड दाबाखाली तयार होतं. तेव्हा ॲरिझोनाचा निकाल लागला.

लगेच लोणारची फाईल पुन्हा उघडली. १९६४ साली लाफाँ आणि डिट्झ यांनी एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात लोणार, विवर आणि अशनी हे शब्द होते, आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्ह काढायला नऊ वर्षं लागली. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या चौघांचा लेख आला. दुबे आणि बालसुंदरम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे ब्लॅनफर्डच्याच खात्याचे. आपल्याच खात्याचं शंभर वर्षांपूर्वीचं मत त्यांनी पुराव्याने बदललं. मला याचं फार कौतुक वाटतं.

पुरावा कुठून आला? दोन ठिकाणांहून. एक, तळ्याच्या तळात भोकं पाडली. वर गाळाचा जाड थर, त्याखाली चुरा झालेला दगड, आणि त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट. हे काय असतं? काळ्या पाषाणात प्लॅजिओक्लेज नावाचं पांढुरकं स्फटिक असतं. त्यावर हवेच्या दाबाच्या दोन-तीन लाख पट दाब एका क्षणात आला, तर ते न वितळताच काच होऊन जातं. आकार स्फटिकाचा, आतून काच. कोणताही ज्वालामुखी हे करू शकत नाही, त्याच्याकडे तेवढा दाबच नसतो. ही आघाताची सही आहे.

आणि दुसरं ठिकाण? काठ. काठावर चर खणले, आणि तिथे त्याहूनही जास्त भाजलेले, फेसाळलेले तुकडे मिळाले. वितळलेल्या दगडाचे गोळे आणि बारीक काचेचे मणी मिळाले. सगळ्यात तीव्र धक्का खाल्लेले दगड काठावर होते. ज्या जागेवर ब्लॅनफर्ड उभा होता, अलेक्झांडर उभा होता, आपण फोटोला उभे राहतो, तिथेच. फक्त पायाखाली.

त्या लेखाने आणखी एक गोष्ट सांगितली. काळ्या पाषाणात पडलेलं पृथ्वीवरचं तेव्हा माहीत असलेलं हे एकमेव आघात-विवर होतं. अपोलोची माणसं चंद्रावरून दगड घेऊन नुकतीच परतली होती. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे हाच पाषाण, आणि लोणारच्या काचमण्यांची जवळची भावंडं त्या चंद्राच्या दगडांत सापडली. पुढे ब्राझीलमध्येही अशी विवरं ओळखली गेली, पण ती फार झिजलेली आहेत. इतकं ताजं, इतकं नीट दिसणारं आपलंच.

असं समजू नका की चकवा फक्त लोणारलाच झाला. अमेरिकेच्या युटा राज्यात कॅनियनलँड्स नावाचं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान आहे, १९६४ पासूनचं. त्यात अपहीव्हल डोम नावाची विचित्र जागा आहे. सुमारे पाच किलोमीटर रुंद, आजूबाजूचे थर आडवे आणि इथले मात्र वाकून उभे राहिलेले, मध्ये दगडांचा फुगवटा. त्या भागात जमिनीखाली मिठाचे जाड थर आहेत. मीठ हलकं असतं, ते हळूहळू वर चढतं आणि वरचे थर उचलतं. तेव्हा बरेच दिवस लोक म्हणत होते, हे मिठाचं काम. २००८ साली तिथे धक्का खाल्लेल्या क्वार्ट्‌झचे कण सापडले आणि आघाताचा पुरावा मिळाला. तिथे मिठाने फसवलं, इथे लाव्ह्याने फसवलं. जे भोवती भरपूर दिसतं, त्यालाच माणूस कारण समजतो. हा सगळ्यांचाच स्वभाव आहे.

पण त्या उद्यानातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तिथे दगड उचलून घरी न्यायला बंदी आहे. २००८ साली जे कण सापडले, ते सापडण्याआधी कोणालाच ठाऊक नव्हतं की कोणता दगड महत्त्वाचा. म्हणून सगळेच जपले.

आता लोणारचं सांगतो. लोणारला १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. विवर अभयारण्य आहे. २०२० साली रामसर यादीत नाव आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचं कारण सांगितलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लोणारच्या संवर्धनात लक्ष घातलं. हे सगळं चांगलंच झालं. पण यात बहुतेक लक्ष कशाकडे आहे? पाण्याकडे, झाडांकडे, मंदिरांकडे. म्हणजे खड्ड्याकडे.

आणि खड्ड्यातून उडालेला माल कुठे आहे? काठाच्या बाहेर. तो काठापासून सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. सोपं गणित करा. विवरासकट तो सगळा गोल धरला तर पंधराशे हेक्टरांच्या आसपास जातो. रामसर क्षेत्र आहे ४२७ हेक्टर. म्हणजे विवराची बहुतांश नोंदवही त्या रेषेच्या बाहेर आहे. शेतात आहे, रस्त्याच्या कडेला आहे, गावातल्या घरांच्या पायाखाली आहे.

नोंदवही म्हणतोय ते उगाच नाही. लोणारचं वय किती, हा वाद अजून चालू आहे. १९९७ साली काचेवरून प्रकाश-उष्णतेच्या पद्धतीने वय काढलं, ते आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ साली आरगॉन वायूच्या पद्धतीने वितळलेल्या दगडाचं वय काढलं, ते आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापट फरक! ५२ हजार वर्षांपूर्वी भारतात माणसं होती, आपल्यासारखीच. पावणेसहा लाख वर्षांपूर्वी आपली जात जन्मालाही आली नव्हती. म्हणजे तो आवाज कोणा माणसाने ऐकला की नाही, एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर आज पक्कं देता येत नाही. आणि जेव्हा देता येईल, तेव्हा ते बाहेर पडलेल्या अशाच वितळलेल्या तुकड्यांवरून देता येईल. जो तुकडा कोणी मुरूम म्हणून रस्त्यात भरला, पायात घातला, किंवा आठवण म्हणून खिशात टाकून नेला, तो साक्षीदार गेला.

इथे मला एक स्पष्ट बोलायचंय. लोणारच्या गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे, आणि ते चुकीचं आहे. त्यांची घरं, शेती तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. घर बांधू नका, विहीर खणू नका असं शंभर किलोमीटरवरून सांगायचा आपल्याला काही अधिकार नाही. पण विहीर खणली जाणारच असेल, तर खणताना दिसलेला थर कोणी पाहून, मोजून, फोटो काढून नोंदवला तर काय बिघडतं? घरासाठी पाया खणला जातो तो फुकटचा चर असतो. १९७३ च्या लोकांना असेच चर मुद्दाम खणावे लागले होते. शाळेच्या मुलांना, भूगोलाच्या मास्तरांना हे शिकवता येतं. काळ्या दगडाच्या चुऱ्यात काचेसारखं चमकणारं, फेसाळ, थेंबाच्या आकाराचं काही दिसलं, की जागा लिहून ठेवायची आणि ते जिथलं तिथे राहू द्यायचं. एवढंच. आणि आपण, जे वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन जातो, त्यांनी दगड उचलायचा नाही. पोराने उचलला तर परत ठेवायला लावायचा आणि का ते सांगायचं.

अबुल फजलने विचारलं, इथून काय निघतं? तो प्रश्न त्याच्या काळाला शोभला. आपल्या काळाचा प्रश्न वेगळा आहे. इथे काय राहू द्यायचं? दीडशे वर्षं जाणकार लोक त्या काठावर उभे राहिले आणि उत्तर त्यांच्या पायाखाली होतं. ते तिथे पडून राहिलं म्हणूनच १९७३ साली सापडलं. पुढचं उत्तरही तिथेच पडलेलं आहे. ते शोधायला जो कोणी येईल, कदाचित या सभागृहातल्याच कोणाची मुलगी असेल ती, तिला ते सापडावं एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

लोणारला पुन्हा जाल तेव्हा तळं पाहून झालं की एकदा पाठ फिरवा. बाहेरच्या उताराकडे बघा. सगळा मजकूर तिकडे लिहिलेला आहे.